थंड इंजिनाची टकटक: १.२ लिटर पेट्रोल-सीएनजी गाडीच्या कामाच्या नोंदी

गाडी: हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टला फिरवणारी साखळी). टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला भाग) साधे बकेटचे, म्हणजे वाटीसारखे, हायड्रॉलिक नाहीत. सीएनजीचं सिक्वेन्शियल किट नंतर बाहेरून बसवलेलं. मीटर १,१२,०००च्या पुढे. वापर मुलुंड ते वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे किलोमीटरच्या मानाने इंजिन चालू राहण्याचे तास भरपूर.

तक्रार: सकाळी सेल्फ मारल्यावर टकटक, पाच-सात मिनिटांत कमी होते. गाडी ओढीत, म्हणजे इंजिनावर जोर असताना जास्त. आधी दोन ठिकाणी दाखवून झालं आहे. एकाने टॅपेट सांगितला, दुसऱ्याने चेन किट आणि गरज पडली तर अर्धं इंजिन खोलायचा अंदाज दिला.

९ जानेवारी २०२५

गाडी दुपारी आली, इंजिन गरम. गरम इंजिनावर तक्रारीचा आवाज जवळजवळ नाही, त्यामुळे आज कान लावण्यात अर्थ नाही. रात्रभर गाडी इथेच उभी.

तोवर वरवरची पाहणी. ऑइल डिपस्टिकवर वरच्या खुणेला, रंग काळा पण पातळ झालेलं नाही. मागच्या सर्व्हिसच्या स्टिकरवर २०डब्ल्यू-५० लिहिलंय, मॅन्युअलमध्ये त्याहून पातळ ५डब्ल्यू-३० आहे. "सीएनजीला जाड ऑइल लागतं" हा समज टॅक्सीच्या धंद्यातून आला असावा, या इंजिनाला तो लागू नाही. खालचं प्लॅस्टिकचं अंडरकव्हर गायब. ओबीडीवर (गाडीच्या संगणकातले दोष वाचायची जोडणी) एकही कोड नाही.

मालकांना एवढंच सांगितलं की चाचण्या पुऱ्या होईपर्यंत चेन किट मागवायचं नाही.

१० जानेवारी, सकाळ

कूलंट २३ अंश. सेल्फ मारण्याआधीच बॉनेट उघडून फोन रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर ठेवला, रेकॉर्डिंग चालू. सुरू होतानाचे पहिले दोन सेकंद बहुतेक वेळा कुणी ऐकतच नाही, सगळे नंतर धावत येतात.

एक आवाज आहे असं मालक समजत होते, प्रत्यक्षात तीन निघाले. पहिला, सुरू होताच चेन कव्हरच्या बाजूने कोरडी खडखड, दोनएक सेकंद, मग बंद. दुसरा, त्यानंतर ऐकू येणारी कडक, एकसारखी टकटक, रेस दिली की वेगाने वाढणारी. हीच मुख्य तक्रार. तिसरा, इंजिन थोडं तापून गाडी पेट्रोलवरून सीएनजीवर गेली त्या क्षणापासून सुरू झालेली बारीक किटकिट. ती सीएनजीच्या इंजेक्टर रेलची, फायरवॉलला बोल्ट केलेल्या पट्टीतून केबिनमध्ये येते. ती दोष नाही, पण बाकीच्यांत मिसळून गोंधळ वाढवते. म्हणून यापुढच्या सगळ्या चाचण्या पेट्रोलवर.

रेकॉर्डिंग संगणकावर घेऊन टकटकीतलं अंतर मोजलं. थंडीत इंजिन १२०० आरपीएमवर होतं, दोन ठोक्यांमध्ये साधारण १०० मिलिसेकंद. १२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला वीस फेरे, एका फेऱ्याला ५० मिलिसेकंद. म्हणजे ठोका क्रँकच्या दर दुसऱ्या फेऱ्याला पडतो. पुढे ८०० वर आल्यावर अंतर १५० झालं, हिशेब जुळला.

दर दोन फेऱ्यांना एकदा म्हणजे कॅमशाफ्टची गती, आणि इथेच "टॅपेट" असं निदान होऊन जातं. पण चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरमध्ये इंधनाची पेटसुद्धा दर दोन फेऱ्यांनीच होते. तेव्हा एकाच सिलिंडरच्या एक्झॉस्टची गळती, त्या सिलिंडरचा पिस्टन किंवा त्याचा बिग एंड बेअरिंग (पिस्टनच्या दांड्याचा क्रँककडचा बेअरिंग), यांचा ठोकाही याच अंतराने पडू शकतो. या मोजमापाने पुली, बेल्ट, फ्लायव्हील असल्या गोष्टी मागे पडतात, टॅपेट मात्र सिद्ध होत नाही.

कूलंट ८० अंशांवर गेल्यावर टकटक कान देऊनच ऐकावी लागते.

१० जानेवारी, दुपार

गाडी थंड व्हायला दिली आणि संध्याकाळी चारला पुन्हा सुरू केली. पूर्ण थंड नव्हती, तरी आवाज होता.

बेल्ट काढून अर्धा मिनिट चालवली. अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, वॉटर पंप तिन्ही थांबलेले, टकटक तशीच. वॉटर पंप याच बेल्टवर आहे, त्यामुळे अशी चाचणी मिनिटाच्या आत आटपायची, आणि थंड इंजिनावरच करायची. बॅटरीचा दिवा लागतो, घाबरायचं कारण नाही.

हीट शील्ड (एक्झॉस्टवरचं पत्र्याचं आवरण) लाकडी दांडीने दाबून धरलं. शील्डचा स्वतःचा पातळ खुळखुळाट थांबला, टकटक थांबली नाही.

मग स्टेथोस्कोप. आधी लोखंडी सळईचा. व्हॉल्व्ह कव्हरवर चारही सिलिंडरवर आवाज सारखा, एकही जागा उठून दिसत नाही. पेट्रोल इंजेक्टर चारही एकसारखे टिकटिकतात, ते तसेच असायला हवेत. चेन कव्हरवर चेनची सळसळ, ठोका नाही. ब्लॉकवर चौथ्या सिलिंडरच्या पातळीला सळई टेकवली तर तिथेही विशेष काही नाही. धातूवर सगळीकडे आवाज मध्यम, आणि हवेत मात्र कडक. हे लक्षण बोलकं आहे.

सळई काढून स्टेथोस्कोपला नुसती रबराची नळी लावली, दुसरं टोक उघडं. सळई धातूतलं कंपन ऐकवते, उघडी नळी हवेतला आवाज. नळीचं टोक रेडिएटर आणि इंजिनाच्या मधून हळूहळू फिरवत नेलं. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करून पुढे नेणाऱ्या नळ्या) पुढच्या बाजूला आहे. पहिल्या तीन सिलिंडरपाशी साधारण, आणि चौथ्याच्या फ्लँजखाली (मॅनिफोल्ड इंजिनाला नटांनी आवळतात तो चपटा काठ) टोक नेताच कानठळी. नळी दोन बोटं बाजूला घेतली की आवाज निम्मा. स्टेथोस्कोप नसेल तर मीटरभर रबरी पाइपही चालतो. टोक पंख्यापासून लांब ठेवायचं आणि कानात घुसवायचं नाही, कानाजवळ धरायचं.

११ जानेवारी

पुन्हा थंड सुरुवात. एकेका सिलिंडरचं इंजेक्टर कनेक्टर काढून पाहिलं. कॉइल काढली तरी पेट थांबते, पण न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (कॅट) जातं, म्हणून इंजेक्टरच. सीएनजीवर असताना पेट्रोल इंजेक्टरचं कनेक्टर काढून काही कळत नाही, किटचा एम्युलेटर त्यांना आधीच बंद करून बसलेला असतो.

पहिला, दुसरा, तिसरा काढला: इंजिन थरथरलं, टकटक कायम. चौथा काढला: टकटक गेली. पुन्हा लावला, परत आली.

टॅपेटचा आवाज सिलिंडरमध्ये पेट आहे की नाही यावर अवलंबून नसतो, कॅम फिरतोय तोवर तो वाजतो. म्हणून टॅपेट इथे बाद. उरले तीन: एक्झॉस्टची गळती, बिग एंड बेअरिंग आणि पिस्टन स्लॅप (ढिला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं). बिग एंडचा ठोका जड असतो आणि गरम झाल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर उलट वाढतो, इथे तो कमी होतो. पिस्टन स्लॅप मात्र खरा फसवा. तोही थंडीत वाजतो, तोही गरम झाल्यावर जातो, त्यालाही ओढीत जोर चढतो आणि सिलिंडर बंद केला की तोही शांत होतो. स्लॅप आणि एक्झॉस्टची गळती या दोघांत गल्लत झाली तर गॅस्केटच्या कामासाठी ब्लॉक रिबोअरला (सिलिंडर पोखरून मोठे करायला) जातो. फरक कालच्या दोन निरीक्षणांत आहे. स्लॅप असता तर सळईने ब्लॉकवर, सिलिंडरच्या भिंतीपाशी स्पष्ट आणि पोकळ लागला असता, आणि उघड्या नळीला एका बिंदूपाशी इतका टोकदार सापडला नसता.

फ्युएल ट्रिम (ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, इंधनात केलेली वाढ-घट) पाहिले, पेट्रोलवर, इंजिन गरम करून. लाँग टर्म आयडलला अधिक १२ टक्के, २५०० आरपीएमवर अधिक ४. एक्झॉस्टमधून दाबाच्या लाटेत वायू बाहेर पडतो, आणि लाट ओसरताना त्याच फटीतून बाहेरची हवा आतही ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते, ईसीयूला वाटतं मिश्रण पातळ आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. वेग वाढला की आत ओढली जाणारी हवा एकूण वायूच्या मानाने नगण्य होते, म्हणून ट्रिम खाली येतो. इनटेकच्या व्हॅक्यूम गळतीतही ट्रिम असेच दिसतात, त्यामुळे इनटेकमध्ये धूर सोडून खात्री केली. कुठे गळती नाही.

सायलेन्सरच्या तोंडावर जाड कापड दोन-तीन सेकंद दाबून धरल्यावर पुढून फसफस वाढली. आता जागा डोळ्याने बघायची.

१२ जानेवारी

इंजिन थंड, बंद. व्हॅक्यूम क्लीनरची नळी फुंकरीच्या बाजूला लावून सायलेन्सरच्या तोंडात, भोवती कापड कोंबलं. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचं, दाट. एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, त्यातून थोडी हवा सिलिंडरमध्ये आणि तिथून इनटेककडे जाते, तेव्हा थ्रॉटलपाशी फसफसलं तर त्याला गळती धरायची नाही.

हीट शील्ड काढताना दहा नंबरच्या बोल्टांपैकी दोन तुटले. शील्डचेच होते, फारसं बिघडलं नाही.

चौथ्या पोर्टच्या खालच्या कोपऱ्यात मोठे बुडबुडे. आरसा घालून पाहिलं तर तिथे नट नाहीच. स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) सिलिंडर हेडच्या पृष्ठभागाशी सपाट तुटलेला, आणि फ्लँजच्या कडेपासून हेडच्या ॲल्युमिनियमवर काजळीची पंखासारखी पसरलेली काळी रेघ. गळती किती जुनी आहे ते या रेघेच्या जाडीवरून कळतं. नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला, म्हणजे काही महिने झालेले.

थंडीत आवाज आणि गरमीत शांत, याचं कारणही इथेच आहे. तापल्यावर मॅनिफोल्ड फुगतो, फ्लँज हेडवर बसतो आणि फट जवळजवळ बुजते.

स्टड का तुटला, हा प्रश्न स्टड बदलण्याइतकाच महत्त्वाचा. मॅनिफोल्डच्या टोकाचे स्टड आधी जातात हे नेहमीचंच, कारण लांबीत होणाऱ्या प्रसरणाचा ताण टोकांवर जास्त. पण खाली वाकून पाहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ब्लॉकशी बांधणारं ब्रॅकेट नाही. ब्लॉकवरची दोन भोकं रिकामी, आट्यांमध्ये माती. मालकांच्या फाइलमध्ये दीड वर्षापूर्वीच्या क्लचच्या कामाचं बिल आहे, तेव्हा ब्रॅकेट निघालं आणि परत लागलं नाही असं दिसतं. म्हणजे कॅटचं सगळं वजन आणि मुंबईच्या रस्त्यांचे दणके इतके महिने फ्लँजच्या स्टडवर. अंडरकव्हर नसल्याने पावसात साचलेलं पाणी तापलेल्या मॅनिफोल्डवर उडत होतं, त्याने मॅनिफोल्ड वाकायला मदतच झाली असणार.

१३ जानेवारी

व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग झिरपत होतं, ते बदलायचंच होतं, म्हणून कव्हर उघडून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) व्हॉल्व्हचे क्लिअरन्स, म्हणजे कॅम आणि बकेटमधली फट, घेतले. इंजिन थंड. इनटेकचे आठही मर्यादेच्या मधोमध. एक्झॉस्टच्या आठांपैकी तीन खालच्या मर्यादेला टेकलेले.

सीएनजी गाडीत हे अपेक्षित आहे. गॅस कोरडा, पेट्रोलसारखा व्हॉल्व्हच्या सीटला ओलावा देत नाही. सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि बकेट व कॅममधली फट कमी होते. म्हणजे गॅसवर चालून टॅपेट वाजायला लागत नाही, उलट गप्प होत जातो, आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होईनासा होऊन जळतो. "टॅपेट टाइट करून घ्या" हा सल्ला या गाडीला दिला असता तर व्हॉल्व्हच गेला असता. सध्या मर्यादेत आहेत, बकेट बदलले नाहीत. मोजमापं व्हॉल्व्हनिहाय लिहून फाइलला लावली.

कव्हर उघडंच होतं, चेनही पाहिली. वरच्या गाइडवर उथळ चरे, प्लॅस्टिक कुठे तुटलेलं नाही. दोन स्प्रॉकेटमधली चेन बोटाने दाबली तर झोल बेताचा. चेन बदलायचं कारण अजून दिसलेलं नाही, पहिल्या दोन सेकंदांची खडखड मात्र बाकी आहे. ती नंतर.

राहिलेल्या स्टडना आणि तुटलेल्या तुकड्याला पेनिट्रेटिंग ऑइल. उद्या संक्रांत, मार्केट अर्धं बंद, तेवढा वेळ ऑइलला मुरायला मिळेल. दिवसातून दोनदा पुन्हा मारायचं.

१५ जानेवारी

खरेदी. गॅस्केट, सगळे स्टड आणि नवे लॉक नट ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतून, कंपनीचे. स्टड एम८ × १.२५. नागदेवी स्ट्रीटवर याच मापाचे स्टड निम्म्याहून कमी दरात मिळतात, पण एक्झॉस्टवर साध्या स्टीलचा स्टड तापून ताणला जातो आणि नट आपोआप ढिला वाटू लागतो. स्टेनलेसचाही मोह नको, त्याचं प्रसरण वेगळं आणि नट त्यावर चिकटून बसतो. नागदेवीतून घेतलं ते हत्यार: एम८चा टॅप, ५ मिमीचा डावा (उलटा फिरवून कापणारा) ड्रिल आणि गरज पडली तर हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या आट्यांचा) संच.

कॅटचं ब्रॅकेट नवं मिळायला वेळ होता. कुर्ल्यात सीएसटी रोडच्या जुन्या मालातून त्याच इंजिनाचं मिळालं, भोकांची मापं जुळवून घेतली.

१६ जानेवारी

वेल्डिंग करायचं म्हणून आधी गॅस. डिकीतल्या टाकीचा हाताचा व्हॉल्व्ह बंद, मग इंजिन सीएनजीवर चालवून लाइनमधला गॅस संपवला, गाडी आपसूक पेट्रोलवर आली. रेल आणि गॅसचा दाब कमी करणाऱ्या रिड्यूसरपाशी लीक डिटेक्टर फिरवला. बॅटरीची दोन्ही टोकं सोडली, ईसीयूचं कनेक्टर काढलं, अल्टरनेटरची मुख्य वायर सोडली. आग विझवायचा सिलिंडर हाताशी.

ऑक्सिजन सेन्सर २२च्या खाचवाल्या गोटीने. नट सोडताना आधी थोडं आवळायचं, मग सोडायचं, अडलं की परत. सगळे निघाले, त्यांतले दोन स्टडसकट. ते बरंच झालं, स्टड सगळेच बदलायचे होते.

तुटलेला तुकडा हेडशी सपाट. त्यावर एम८चा वॉशर, वर एम१०चा नट ठेवून नटाच्या भोकातून मिग वेल्डिंगने भरलं. ॲल्युमिनियमला स्टीलचा टाका धरत नाही, त्यामुळे हेडला धोका कमी, तरी पोर्टमध्ये आणि शेजारच्या फेसवर ओली जाड चिंधी. पहिला टाका फिरवताना सुटला, तुकड्याच्या तोंडावर काजळी होती. वायर ब्रशने घासून, ब्रेक क्लीनरने पुसून दुसरा मारला. तो लाल होऊन हात लावण्याइतका निवेपर्यंत थांबलो. खरं काम टाक्यापेक्षा या तापण्या-निवण्याने होतं, गंज सुटतो. मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, मध्ये ऑइलचा थेंब. तिसऱ्या-चौथ्या हेलकाव्याला कुरकुरला आणि निघाला.

न निघाल्यास पुढचा रस्ता: बरोबर मध्याला पंच मारून डाव्या ड्रिलने ५ मिमी भोक, बहुतेकदा ड्रिल अडकूनच तुकडा फिरतो. तरी नाही तर ६.८ पर्यंत पोखरून आट्यांची साल चिमटीने काढायची, आटे गेले असतील तर हेलिकॉइल. इझी-आउट (तुटलेला तुकडा उलटा फिरवून काढायचं हत्यार) शेवटचा उपाय, आणि हात जड असेल तर तोही नको. तो आत तुटला की साध्या ड्रिलने कापला जात नाही, आणि मग हेड उतरवावं लागतं.

सगळ्या भोकांतून एम८चा टॅप हाताने, खाचांत ग्रीस भरून, म्हणजे कचरा त्याला चिकटून बाहेर येतो. आटे शाबूत.

१७ जानेवारी

हेडचा फेस लाकडी पट्टीवर गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने साफ केला. ग्राइंडरची चकती ॲल्युमिनियमवर अजिबात चालवायची नाही, एक सेकंदात खड्डा. सरळ पट्टी आणि फिलर गेज: हेडवर ०.०५ मिमीही जात नाही. मॅनिफोल्डवर चौथ्या टोकाला ०.२५ गेला. ०.१० च्या वर गेला की आम्ही फेसिंगला (मशीनवर पृष्ठभाग सपाट करायला) पाठवतो. नवीन गॅस्केट घालून नट ओढून बसवता येतो, पण मग नवा स्टड पहिल्या दिवसापासून वाकलेल्या फ्लँजला खेचत बसतो.

फेसिंगच्या आधी डाय पेनिट्रंट, म्हणजे तडे दाखवणारी रंगाची चाचणी: लाल रंग, पुसणं, पांढरा डेव्हलपर. पोर्टच्या नळ्या फ्लँजला जिथे वेल्ड केल्यात तिथे तडा निघाला असता तर फेसिंगचा खर्च वाया. लाल रेघ कुठेच उमटली नाही.

साकीनाक्याच्या मशीन शॉपला दिला. सूचना लेखी: चारही पोर्ट एकाच सेटिंगमध्ये, फक्त साफ होईल एवढंच. ०.३ मिमी गेलं.

२० जानेवारी

बसवणी. नवे स्टड हेडमध्ये हाताने तळाला टेकेपर्यंत, मग हलका ताण. गॅस्केट स्टीलच्या थरांचं, कोरडं बसवायचं, त्यावर सिलिकॉन किंवा शेलॅक नाही. लॉक नट नवे, कारण जुन्यांची पकड गेलेली असते.

ब्रॅकेटचा क्रम महत्त्वाचा. आधी ब्रॅकेट कॅटला आणि ब्लॉकला ढिलं, मग फ्लँजचे नट बोटाने, मग मधून बाहेर जात दोन टप्प्यांत टॉर्क. पहिला टप्पा निम्मा, दुसरा पुरा, आकडा मॅन्युअलचा. एम८ एक्झॉस्ट नटाला तो फार मोठा नसतो, लांब दांड्याच्या पान्याने "घट्ट वाटेपर्यंत" ओढणं हेच पुष्कळ स्टड तुटण्याचं मूळ. ब्रॅकेटचे बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी आवळले तर ते मॅनिफोल्डला खाली ओढून धरतात, आणि ज्या ताणाने स्टड तुटला तोच ताण पुन्हा भरला जातो.

सायलेन्सरची रबरं पाहिली, मधलं एक तुटलेलं, बदललं. इंजिनाच्या मागच्या टॉर्क माउंटचं रबरही फाटलेलं. इंजिन पुढेमागे जास्त डोलत असेल तर एक्झॉस्टला झटके बसतात, म्हणून तोही नवा. हीट शील्डचे दोन नवे बोल्ट, मोठ्या वॉशरसह.

सुरू केल्यावर दहाएक मिनिटं धूर आणि जळका वास, हाताच्या तेलाचा आणि पेनिट्रंटचा. मालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. थंड झाल्यावर पुन्हा फुंकर आणि साबण: बुडबुडा नाही.

२१ जानेवारी

सकाळची थंड सुरुवात. टकटक गेली. आणि ती गेल्यामुळे पहिल्या दोन सेकंदांची खडखड आता मालकांनाही ऐकू आली. काल ती नव्हती असं त्यांचं म्हणणं. १० तारखेचं रेकॉर्डिंग ऐकवलं, त्यात ती आहे.

चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन ढिली, आल्यावर ताठ. तेव्हा प्रश्न असा: दाब उशिरा येतोय की चेन खरंच लांबली आहे? उद्या सकाळी सेल्फ मारण्याआधी ऑइल फिल्टर काढून बघायचा, रात्रभर त्यात ऑइल टिकतं का.

२२ जानेवारी

रात्रभर उभी गाडी, न सुरू करता फिल्टर खोलला. या इंजिनात तो आडवा बसतो. जवळजवळ अर्धा रिकामा निघाला. आतली परत-रोधक (इंजिन बंद असताना ऑइल मागे जाऊ न देणारी) रबरी झडप धड असती तर तो भरलेला असायला हवा होता. पत्रा कापून झडप काढली: रबर कडक, बोटाने दाबलं तर कागदासारखं मुडपलं आणि तसंच राहिलं. घड्यांमध्ये धातूचा चुरा नाही, चुंबकाला काही चिकटलं नाही.

आज फक्त फिल्टर बदलला, कंपनीचा. ऑइल मुद्दाम तेच ठेवलं. दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कळत नाही.

फिल्टर लावण्याआधी प्रेशर स्विचच्या जागी गेज लावून घेतला. गरम इंजिनावर आयडलला १.४ बार, ३००० वर ३.८. पंप ठीक. अर्थात हे जाड ऑइलवरचे आकडे, पुढे पुन्हा घ्यायचे.

२३ आणि २४ जानेवारी

२३ला सकाळी खडखड दोन सेकंदांवरून निम्म्यावर. नंतर ऑइल बदललं: ५डब्ल्यू-३०, फिल्टरसकट ३.१ लिटर. गरम असताना आयडलला १.१ बार, ३००० वर ३.३. आकडा उतरला म्हणून काळजी नको, पातळ ऑइलवर तो उतरणारच, आणि हजार आरपीएमला एक बार या ढोबळ हिशेबाला तो पुरून उरतो.

२४ला सकाळी सुरू होताना एक हलकी खर्र, सेकंदाच्या आत. चेन मोजून घ्यायची म्हणून ऑसिलोस्कोपवर क्रँक आणि कॅम सेन्सरच्या लहरी एकत्र पाहिल्या. दोघांचं नातं ठरलेल्या जागी, दात सुटलेला नाही, क्रँक-कॅमची जुळणी बिघडल्याचा पी००१६ कोडही नाही. चेन किट यादीतून काढलं.

२६ जानेवारी

रस्त्यावरची चाचणी, सुट्टीच्या सकाळी रस्ता मोकळा म्हणून. ईस्टर्न फ्रीवे, चेंबूरकडून. काचा खाली, कठड्याच्या बाजूने: भिंतीवरून आवाज परत येतो आणि बॉनेटखाली न ऐकू येणारी बारीक टकटकही सापडते. आणिक-पांजरापोळ टप्प्यातल्या बोगद्यात तिसऱ्या गिअरला पूर्ण ओढ, आधी पेट्रोलवर, परतीला सीएनजीवर. काही नाही. आयडलचा लाँग टर्म ट्रिम अधिक ३ वर आला, २५०० वर अधिक २.

राहिली ती रेलची किटकिट. पट्टी आणि फायरवॉलच्या मध्ये रबरी बुश घातले, बोल्टाला रबरी बाही. केबिनमधली किटकिट बरीच दबली, बॉनेट उघडल्यावर मात्र तितकीच आहे. ती तशीच राहणार.

२ फेब्रुवारी

गाडी ५०० किलोमीटर चालून परत आली. थंड इंजिनावर सगळ्या नटांवर टॉर्क पाना फिरवला. टोकाचे दोन किंचित सरकले, बाकीचे जागच्या जागी. ब्रॅकेटचे बोल्ट घट्ट. फ्लँजच्या कडेला काजळी नाही.

अंडरकव्हर मागवलंय, पावसाळ्याआधी लागलं पाहिजे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे क्लिअरन्स १,३०,००० वर पुन्हा घ्यायचे, खालच्या मर्यादेचे तीन आधी. सीएनजी टाकीच्या प्लेटवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासणं) तारीख पाहिली, तीन वर्षांची मुदत एप्रिलमध्ये संपते. मालकांना कळवलं.